होडीतला उंट

सोमवार, ४ मार्च

आज खोटं बोललो. नेहमीचं बारीकसारीक नाही — चांगलं मोठ्ठं, आणि तेही रेकॉर्ड झालेलं!

वहिनी पीएचडी करतेय. संगीत ऐकताना माणसांच्या मिटल्या डोळ्यांपुढे काय काय येतं, त्यानं त्यांना बरं वाटतं का — असलं काहीतरी. सातजण हवे होते, एक गळला. "भावजी, नुसतं गादीवर पडायचं आणि दिसेल ते बोलायचं," म्हणाली. पडायचं म्हटल्यावर मी तयारच!

पडलो. शब्दबिब्द नाहीत, नुसती वाद्यं. वहिनी हळूच विचारते, "आता काय दिसतंय?" दिसतंय काय, पापण्यांची आतली बाजू! पण तिचा आवाज इतका आशेचा, की तोंडातून निघून गेलं — "उंट. होडीत बसलाय."

"मग?"

"वल्हं मारतोय."

नंतर दिसलेलं कागदावर काढायचं असतं. काढलं. सगळ्यांचे कागद भिंतीला लावतात. माझा उंट मधोमध!

मंगळवार, ५ मार्च

वहिनीच्या मॅडमनी ऐकलं. म्हणे, उंट म्हणजे आत साठवून ठेवलेलं दुःख! उशीत तोंड खुपसून हसलो. दादा दारातून: "पोट दुखतंय का रे?"

गुरुवार, ७ मार्च

विशेष काही नाही. कामावर, दुकानात मालकांच्या चपलेला खालून च्युइंगम चिकटवलं.

सोमवार, ११ मार्च

उंटाला आज किनाऱ्यावर उतरवलं, गॉगल घातला. वहिनी खूश.

निघताना कंडक्टरकाका भेटले. सातांतलेच एक. सगळा जन्म बसमध्ये गेला, आता रिटायर. भिंतीपुढे उभे होते. त्यांचे कागद कोरे. दोन्ही वेळचे.

"तुझं बरंय रे पोरा. मला नुसता अंधार." मग भिंतीकडेच बघत, "ही गेली त्याला सहा महिने झाले. वाटलं, इथे तरी एकदा दिसेल. तुम्हाला सगळ्यांना दिसतं. माझंच डोकं रिकामं झालंय बहुतेक. मी काही आता येत नाही, तुझ्या वहिनीला सांग."

 वहिनीच्या वहीतून काकांचा पत्ता उतरवून घेतला.

मंगळवार, १२ मार्च

काकांच्या घरी गेलो. दारातच सांगून टाकलं — "काका, उंट खोटा आहे. मला पण अंधारच दिसतो. मी थापा मारल्या, तुम्ही नाही मारल्यात, एवढाच फरक."

कानाखाली बसणार म्हणून गाल तयार ठेवला होता.  काका जे हसत सुटले! ठसका लागला, पाणी दिलं, पाणी पिताना परत हसले.

"वल्हं मारतोय म्हणे! चारी पायांनी?"

"दोन पायांनी. दोन लांब सोडलेले."

"गाढवा!"

सोमवारी येतो म्हणाले!!

सोमवार, १८ मार्च

मेलो!

वहिनी नाचतच घरी आली. "भावजी, काकांना दिसलं! उंट! तुमच्यासारखाच, होडीतला! आणि त्यावर काकू बसलेल्या, मांडीवर पर्स, तिकीट काढायलाच तयार नाहीत! काका हसतायत काय, रडतायत काय! दोन माणसांना एकच चित्र! मॅडम म्हणतात, यावर वेगळं प्रकरणच लिही!"

काकांचं खरं आहे. असं खोटं रडता येत नाही. पण उंट त्यांच्या डोक्यात सोडला मी! आता वहिनी हे छापणार, मग कुणीतरी उकरून काढणार, आणि तिची चार वर्षांची मेहनत पाण्यात.

मंगळवार, १९ मार्च

सांगितलं. वहिनी भाजी चिरत होती. सुरी थांबली. 

दादा मध्येच: "मला वाटलंच होतं!"

"तुम्ही गप्प बसा हो," ती त्याला. मग मला: "भावजी, तुम्ही बाद. काकांचं राहील, पण त्यांच्या डोक्यात उंट कुठून आला तेही लिहीन. मॅडमना मीच सांगते."

"आणि सातवा माणूस?"

"शोधा. तुम्हीच!"

सुरी परत चालू झाली. परत थांबली. "वल्हं मारणारा उंट... सुचतं तरी कसं हो तुम्हाला!" आणि ओट्याला टेकून खो खो हसायला लागली. हुश्श!

शुक्रवार, २२ मार्च

सातवा मिळाला — मालक! (चपलेचं अजून कळलेलं नाही.)

रविवार, २४ मार्च

घरात कुणी नव्हतं. वहिनीचं ते संगीत लावलं, गादीवर पडलो. उगाच. थापा ऐकायला समोर कुणीच नाही, म्हणून गप्प पडून होतो.

आला! मी बोलावला नव्हता. होडी, वल्हं, सगळं घेऊन. जरा बाजूला सरकला, मला बसायला जागा केली. संगीत संपेपर्यंत दोघं पाण्यावर. उठलो तर उशी ओली.

ही वही जो कुणी चोरून वाचेल त्याच्या पाया पडतो — कुणाला सांगू नका. वहिनीला तर मुळीच नको! आता कुणाचा विश्वास बसणार!