माझा परत आला

३ मार्च, मंगळवार

जायचंच. ठरलं! शनिवारी सुट्टी टाकते. लेकाला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही.

सैनिकांचं ते नवं स्मारक झाल्यापासून मनात घोळतंय. गेलेल्यांची नावं भिंतीवर कोरलीत म्हणे. त्यात लेकाच्या तुकडीतल्या दोस्ताचं, लंबूचं आहे. माझ्या लेकाचं नाही — आणि नाही ते लंबूमुळेच. गाडी पेटली तेव्हा लंबूने ह्याला ओढून बाहेर टाकलं आणि ड्रायव्हरला काढायला परत आत शिरला. तो आलाच नाही. एवढंच कळलंय आम्हाला, तेही त्यांच्या साहेबांकडून. लेक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. स्मारकाचं नाव निघालं की ताटावरून उठतो.

मग आभार मानायचे तरी कोणी?

५ मार्च, गुरुवार

दिवसभर दुकानात मशीनवर हॉटेलचे पडदे. कापड कसलं, तंबूच तो! दोन सुया मोडल्या. मास्तरांकडे सुट्टी मागितली तर म्हणाले, "कुणाचं लग्न काढलंत?" खरं काय ते सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. "जा. माझाही नमस्कार सांगा त्याला."

ह्यांनाही सांगितलं. "मी येऊ?" — नको म्हटलं. घरी लेकाजवळ कोणीतरी हवं.

६ मार्च

भिंतीशी काय बोलायचं असतं?

७ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं. उद्या धीर होणार नाही.

भिंत काळ्या दगडाची, माझ्यापेक्षा फार उंच नाही. मला वाटलं होतं, मान वर करून बघावं लागेल. लंबूचं खरं नाव खालच्या ओळींत सापडलं. वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं. कडा अजून धारदार आहेत. एवढी तयारी करून गेले आणि तोंडातून निघालं काय, तर "जेवलास का रे?" वेडी मी!

मागून कोणीतरी म्हणालं, "खुशाल हात लावा, काही होत नाही." माझ्याच वयाची बाई, हातात ओलं फडकं. खाली बसून सगळी ओळ पुसायला लागली. लंबूच्या नावाशी आली आणि हात सावकाश झाला. तेव्हाच ओळखलं मी. वाटलं, गुपचूप निघून जावं. हिला कोणत्या तोंडाने सांगू?

तिनेच विचारलं, "तुमचा कोण इथे?"

"कोणी नाही," म्हणाले. "माझा... माझा परत आला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बारक्याची आई का तुम्ही?"

बारक्या! लंबू ह्याला बारक्या म्हणायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. लंबू प्रत्येक फोनवर तिला बारक्याच्या गमती सांगायचा म्हणे. बारक्या घोरतो. बारक्या हरला की पत्ते फेकून देतो. (घरीसुद्धा!) मला हसू आलं आणि त्याच दमात रडू. तिने माझा हात धरला. ओल्या फडक्यासकट धरला.

मी आभाराचं काहीतरी पुटपुटायला लागले तर म्हणाली, "ते राहू द्या हो. तो कसा आहे ते सांगा. चालतो ना?"

"चालतो. थोडा लंगडतो."

"जेवतो नीट?"

"नाही."

"झोप?"

"नाही."

तिने फडकं पायरीवर ठेवलं. म्हणाली, "माझ्याकडे खूप लोक आले. शूर होता, शूर होता, सगळे तेच सांगतात. आदल्या दिवशी तो कशावर हसला, ते कोणीच सांगत नाही. ते फक्त तुमच्या मुलाला माहीत असणार. एकदा माझ्याशी बोल म्हणावं. जमेल तेव्हा."

तिचा मुलगा गेला, आणि काळजी करते माझ्या मुलाच्या जेवणाची!

घरी आले तर ह्यांनी लेकाला सांगून ठेवलेलं, आई बाजारात गेलीय. सगळ्या पिशव्या दारामागे लटकतायत! ह्या माणसाला आयुष्यात धड खोटं बोलता आलं नाही.

८ मार्च, रविवार

सांगून टाकलं. भडकला. "कुणाला विचारून गेलीस? काय सांगू मी त्यांना? मी बाहेर आलो आणि तो नाही, हे?" खोलीचं दार धाडकन लावलं. हे म्हणाले, "थोडं थांबायचं होतंस." कशाला थांबायचं? ती बाई तिथे वाट बघतेय.

पण बारक्या म्हटल्यावर त्याचा चेहरा हलला. मी पाहिलंय.

१० मार्च, मंगळवार

बोलणं नाही. पडदे, पडदे, पडदे.

१२ मार्च, गुरुवार

भांडी घासत होते. मागे येऊन उभा राहिला. "पत्त्यांचंही सांगितलं त्याने?" म्हणाला. मी म्हटलं, "घोरण्याचंसुद्धा." तर म्हणतो, "घोरायचा तो! मी नाही!"

किती दिवसांनी आवाज चढवून भांडला माझ्याशी! नळ तसाच वाहत राहिला.

मग हळूच — "रविवारी येतील का त्या?"

१५ मार्च, रविवार

गेलो तिघं. लंबूची आई आधीच पायरीवर बसलेली. लेक तिच्यासमोर नुसता उभा, मान खाली. ती म्हणाली, "बस रे, मान दुखते माझी वर बघून." बसला. आम्ही दोघं लांब झाडाखाली थांबलो. हे उगाच झाडाचं खोड निरखत होते, जसे काही विकतच घेणार आहेत.

लेक बराच वेळ रडला. तिच्या खांद्यावर. माझ्या नाही — पण रडला! मग बोलायला लागला. हातवारे करून काहीतरी सांगत होता. आणि ती हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. भिंतीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मी पदरात तोंड लपवलं. कोणाचे म्हणून आभार मानू? लंबूचे, तिचे, त्या पायरीचे!

येताना गाडीत झोपला लेक. तोंड उघडं टाकून. घोरला. आम्ही दोघं जागचे हललो नाही.

२५ मार्च, बुधवार

दुकानातून आले तर लेक नुकताच फोन ठेवत होता. "कुणाचा रे?" म्हटलं.

"आईचा."

मी तर समोर उभी! त्याच्या ध्यानात आलं. कान लाल झाले.

चपला काढून त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "काय म्हणतेय ती?"