दंडावरचा डाग

बाबा, आज माझ्या पणतीला लस टोचायला नेलं होतं. नर्सबाईनं सुई हातात घेतली आणि माझा शिकलासवरलेला नातू, पोरीचा बाप, तिला म्हणाला, "म्याडम, पोरगी हाय, डाग दिसणार न्हाई अशा जागी टोचा की." मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची माणसं आत डोकावली. नातवाला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. त्याला काय माहीत, हे वाक्य मी याआधी कोणाच्या तोंडून ऐकलंय ते.

तुम्ही गावचे पाटील. देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे मुन्शी कळमनुरीहून येणार असा हुकूम आला, की चावडीवर तुमचा आवाज चढायचा. त्या वर्षी तर तुम्ही स्वतः घरोघर फिरलात. कुंभाराच्या सुनेनं आपली तान्ही पोर धान्याच्या कणगीमागं दडवली होती. ती तुम्ही ओढून बाहेर आणलीत. बाई पाया पडत होती, शिव्याही देत होती. "सरकार लेकराचं भलं करून राहिलं, अन् तू काहून आडवी येतीस?" तुम्ही तिला सुनावलंत. मी आठनऊ वर्षांची, तुमच्या मागेच उभी होते. माझी छाती फुगली होती.

घरी आल्यावर दोघा भावांना तुम्ही ओसरीवर मुन्शींपुढं बसवलंत. मी बाही वर करून तयार होते, तर आत येऊन आईला हळूच म्हणालात, "पोरीला ऱ्हाऊ दे. दंडाला डाग काहून पाडून घ्यायचा? उद्या सोयरे बघायला येतील." "अवो, पन देवी आल्या मंजी?" आईनं एवढंच विचारलं. तुम्ही मला आपल्या घरातल्या कणगीमागं बसवलंत. डोळे मिटले की आजही मी तिथंच बसले आहे. बाहेर मुन्शी विचारतायत, "पाटील साब, बच्ची कू बी लाव ना." आणि तुम्ही सांगताय, "ती मामाच्या गावाला गेली, डोंगरकड्याला." मी तोंडावर हात दाबून हसते आहे. बाबांनी आपल्याला सुईपासून वाचवलं, एवढंच मला कळतंय. पुढच्या बाजाराला तुम्ही हिंगोलीहून चांदीची वाकी आणलीत, त्याच दंडात घालायला. मी ती झोपतानाही काढत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात गावात देवी आल्या, मलाही निघाल्या. घरातली फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. भाऊ माझ्या खाटेभोवती खेळत होते, त्यांना काही झालं नाही. कुंभाराची पोरही ठणठणीत राहिली. माझा डावा डोळा गेला, तोंडाची चाळण झाली. दंड इतका सुजला की वाकी सोनाराकडून कापून काढावी लागली. ज्या दंडाला एक डाग नको होता, त्यावर बोट ठेवायला जागा उरली नाही. तुम्ही आल्यागेल्याला सांगत राहिलात, "देवीची मर्जी." कसली देवीची, बाबा? मर्जी तुमची होती. घरातल्या घरात एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणाला असता, तर मी इतकी वर्षं हे धरून बसले नसते. तुम्ही सोयरे यायच्या दिवशी मला काय बजावलंत? "भिंतीला लागून बस. डावी बाजू दिसू देऊ नगंस." लोक पाणी पिऊन उठून गेले. शेवटी कनेरगावच्या बिजवराला दिलीत. माझा दंड कोणी पाहिलासुद्धा नाही.

अक्षरं मी पन्नाशीत शिकले, त्यामुळे एवढं लिहायला संध्याकाळ झाली. पाठवणार तरी कुठं? डोक्याला रुमाल बांधलेला तुमचा फोटो इथं भिंतीवर आहे, निदान त्याच्यासमोर मोठ्यानं वाचावं म्हणून उठले. कागद धरला, घसा साफ केला आणि मग लक्षात आलं, की मी बाजूच्या भिंतीला लागून उभी आहे, डावी बाजू तुम्हाला दिसू नये अशी. वाचलं नाही.