मोयानमध्ये माझं घर नाही

१२ जानेवारी
—आणि वर म्हणते, "कोको, नियम म्हणजे नियम!" नियम केला कोणी? तिनेच! सहावीतली पोर, शाळेसाठी एक खोटा देश काढते आणि ज्याला कोको, दादा म्हणते त्या सख्ख्या भावालाच त्यात जागा नाही!
मोयान म्हणे. न्वे झिनने नकाशाचा फोटो पाठवलाय. नदी आहे. तिला आपल्या मेलेल्या म्हशीचं नाव मीच सुचवलं होतं. पॅगोडा. तेवीस घरं. अमेचं, म्हणजे आईचं घर, वर निळा पत्रा. विचारलं, माझं कुठलं? "तू नाहीस. मोयानमधून कामाला कोणी बाहेर जात नाही. पहिला कायदा! मग बाहेर गेलेला असेल कसा कोणी?"
तो निळा पत्रा कोणाच्या पैशांचा गं?

१३ जानेवारी
कारखान्यात कोळंबी सोलताना शेजारच्या को पाइंगला बोलून बसलो. चुकलंच. टेबलभर ओरडला— "ऐका रे! थाई पोलीस परवडले, याला बहिणीनेच हद्दपार केलं!" सगळे हसले. मीही हसलो.

१९ जानेवारी
फोन केला नाही. तिचाही नाही.

२ फेब्रुवारी
पाण्याच्या सणाला गावी जायचंच. सीमा ओलांडून या थाई गावात, महाचाईत येऊन तीन वर्षं झाली. गाडीभाड्याचे तीन हजार बाट जमलेत, बिस्किटाच्या डब्यात. जाणार आणि तिच्या नकाशावर पेनने घर काढणार. भलंमोठं! नदीला लागून!

१६ फेब्रुवारी
अमेचा फोन. पोरीशी वाजलंय तिचं. कशावरून, तर भाताचा पहिला डाव. तो वडीलधाऱ्यांचा. मोठं माणूस घरी नसलं तरी त्याच्या नावाने झाकणावर काढून ठेवायचा, मग बाकीच्यांनी जेवायचं. न्वे झिन महिनाभर तो माझ्या नावाने काढतेय! "म्हटलं, अगं, भाऊ आहे तुझा, बाप नव्हे. तर म्हणते, मोयानमध्ये असंच असतं. दुसरा कायदा."
मी चौथीत शाळा सोडली, कायद्यातलं काही कळत नाही. पण पहिल्या कायद्याने मी नाहीच, मग दुसरा कोणासाठी केला?
रात्री जेवायला बसलो. तिकडे झाकणावर भात गार झाला असेल.

१ मार्च
अमे पुन्हा. गावातली शाळा संपली, पुढची शहरात. राहण्या-जेवणाचे पैसे आधी भरायचे. "जमायचं नाही रे. सणानंतर तिला तुझ्याकडेच धाडते. कोळंबी सोलेल. तुलाही सोबत होईल."
मागून हळूच न्वे झिन— "कोको, नकाशा आणू का तिकडे?"
सोबत! क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खोलीत चटई कुठे टाकायची तेही ठरवून झालं.

२ मार्च
समोर बसणाऱ्या पोरीची बोटं दिवसभर बघत होतो. बर्फाने पांढरी पडलेली, म्हातारीसारखी. सतरा वर्षांची आहे ती.

३ मार्च
को पाइंग म्हणाला, "चल, सणाला गावी जायची आपली दोघांची तिकिटं एकदमच काढू." नको म्हटलं.
"का रे, परत हद्दपार?"
कोळंबी सोलत राहिलो.

४ मार्च
अमेला सांगितलं— मोयानमधून कामाला कोणी बाहेर जात नाही. तिला शहरातल्या शाळेत घाल. दर महिन्याला पाठवतो ते चार हजार, आणि डब्यातले तीन.
पाठवतोय: सात हजार बाट.