छप्पर थांबेल

चोआ चू कांग, सिंगापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुलेखा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं मेतकूट पोचलं. भाऊबीजेला फोनवरून ओवाळलंस तेही पोचलं. इकडे सगळे खुशाल आहेत. गार्गीच्या ऑफिसात वर्षअखेरीची गडबड आहे. बेटाच्या या टोकाला घर आणि त्या टोकाला, चांगी बिझनेस पार्कात, नोकरी, त्यामुळे ती रोज दिवेलागणीनंतरच येते. आर्याचा एक दात पडला. माझी तब्येत बरी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

फोन असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. इथे मी फोनवर बोललो की ते सगळ्या घराला ऐकू जातं. आणि फोनवर तू ‘बघू’ म्हणून ठेवून देतेस. कागद तसा ठेवता येत नाही.

तर बातमी अशी की महिनाअखेरीस मी सांगलीला येतोय. कायमचा. इथली दमट हवा मला सोसत नाही. विश्रामबागेतला फ्लॅट कुणाकडून तरी झाडून घे. पाण्याच्या टाकीचं झाकण नीट आहे का तेवढं बघ.

मी इथल्या घराबद्दल आजवर तुला फार मोठं मोठं सांगत आलो. घर चांगलं आहे, पण लहान आहे. झोपायच्या खोल्या दोनच. एकीत गार्गी आणि जोनेल, दुसरीत आर्या आणि जोनेलची आई. मी हॉलमध्ये सोफ्यावर. जोनेल तुआसच्या जहाज दुरुस्तीच्या यार्डात ड्राफ्ट्समन आहे. उशिरा आला तर माझी झोपमोड नको म्हणून दिवा न लावता जेवतो. भर अंधारात मासा खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

जावई फिलिपिनो म्हटल्यावर आपल्याकडे कोण काय बोललं ते सोड. सकाळी बाहेर पडताना तो माझा हात हातात घेऊन कपाळाला लावतो. त्यांच्यातला तो नमस्कारच. पण त्याची काटकसर मला आधी चिक्कूपणा वाटायची. पगार झाला की टेबलाशी बसून पाकिटं करतो: घराचा हप्ता, आर्याची शाळा, बाजार, गावी पाठवायचे. एका पाकिटातलं दुसऱ्यात जाणार नाही. एअरकंडिशनर फक्त पाहुणे आले तर. ब्रेड घ्यायचा तो रात्री दुकानात किंमत उतरल्यावर. टेबलाखाली एक मोठं खोकं असतं. त्यात साबण, कॉफी, डबाबंद मासे, आर्याचे लहान झालेले बूट असं साठत जातं आणि भरलं की जहाजाने त्याच्या गावी जातं. मला वाटायचं, माझ्या मुलीची कमाई या खोक्यात चालली आहे. तसं एकदा गार्गीला म्हणालोही. ती म्हणाली, “बाबा, त्यातली निम्मी कॉफी मीच भरलीय.”

मग जोनेलचे वडील गेले आणि त्याची आई इथे आली. नाव लिगाया. आर्या तिला लोला म्हणते, म्हणजे आजी. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमतं. पहिल्याच आठवड्यात तिने रात्रीचा उरलेला भात सकाळी लसणावर परतला. मी म्हटलं, अहो, हा आमचा फोडणीचा भात! दुसऱ्या दिवशी मी आपल्या पद्धतीने केला, मोहरी-हळद घालून. तिने दोनदा वाढून घेतला आणि पिवळं झालेलं बोट आर्याला दाखवत हसत बसली. तेव्हापासून सकाळी बाजारात आम्ही दोघं मिळून जातो. ती घासाघीस करते, मी पिशवी धरतो.

जुलैत माझ्या छातीत दुखलं आणि मी इस्पितळात होतो, हे तुला कळवलं होतं. किरकोळ आहे असं कळवलं होतं. ते किरकोळ नव्हतं. दोन ठिकाणी नळी बसवली. मी इथला नागरिक नाही, त्यामुळे सवलत नाही, आणि विम्याने थोडंच दिलं. बिल किती झालं ते मला कुणी सांगितलं नाही. विचारलं की गार्गी म्हणायची, “झालं सगळं, तुम्ही गोळ्या घ्या.”

मला कळलं ते लिगायामुळे. गेल्या महिन्यात बाजारातून येताना खाली बाकावर बसलो होतो. मी विचारलं, तुम्ही गावी कधी जाणार? तिच्या घराचं छप्पर गेल्या वर्षीच्या वादळात उडालं होतं. जोनेल यार्डातल्या मित्रांबरोबर भिशी लावतो. त्यांच्यात तिला पालुवागान म्हणतात, पण आहे ती आपली भिशीच. जुलैत त्याचा नंबर होता आणि ती रक्कम छपरासाठी धरलेली होती. ती म्हणाली, “ते पैसे तुमच्या हृदयाला लागले.” अगदी सहज म्हणाली, मीठ आणलं म्हणावं तशी. मी पिशवीतली भाजी उगाच खालीवर करत बसलो. तेव्हा माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, “छप्पर थांबेल. तुम्ही नसता थांबलात.”

सुलू, त्या बाईला तिच्या घरी जायचंय. तिथे तिची कोंबडी-बदकं शेजारणीकडे आहेत, नवऱ्याची कबर आहे. आणि माझ्यापायी ती इथे अडकून पडली आहे.

मी ठेव मोडून पैसे द्यायला गेलो. जोनेलने हात जोडले. “बाबा, वडील परत देत नाहीत.” वाद घातला तर तो उठून भांडी घासायला लागला. शेवटी मी युक्ती केली. म्हटलं, मला तुमच्या नव्या भिशीत घ्या, मी पेन्शनमधून हप्ता भरीन. त्याला नाही म्हणता येईना. मला पहिला नंबर मिळाला. ती रक्कम परवा लिगायाच्या गावी गेली, पत्रे आणि लाकूड आणायला. जोनेल आधी चिडला, मग खूप हसला, मग डोळे पुसायला बाथरूममध्ये गेला.

पण छप्पर व्हायला वेळ लागेल, आणि तोवर या दोन खोल्यांत दोन म्हातारी माणसं फार होतात. माझ्या विम्याचा हप्ताही वाढलाय. तिला जायला घर नाही, मला आहे. म्हणून मी गार्गीला म्हटलं, हवा सोसत नाही.

ती म्हणाली, “सांगलीच्या मे महिन्यात तुम्ही छत्री न घेता हिंडता, आणि इथली हवा सोसत नाही? खरं सांगा.”

खरं सांगितलं. ती रडली. “मी कधी पैशाचं बोलले का, बाबा?”

“नाही बोललीस,” मी म्हटलं, “म्हणूनच निघतोय.”

आर्या इथल्या ढंगात “आजोबा, डोन्ट गो लाह” म्हणत पायाला बिलगली. जोनेलने एक कोरं पाकीट घेतलं आणि त्यावर माझं नाव घातलं. दर वर्षी डिसेंबरात माझं इकडचं तिकीट त्यातून निघायचं आहे.

आता मुद्द्याचं. दीनानाथराव गेल्यापासून तू मिरजेत दोन खोल्यांचं भाडं भरतेस. तुझी पेन्शन किती ते मला ठाऊक आहे. वर भाडं, विजेची दोन बिलं, दोन गॅस, दोन ठिकाणी दूध, ही उधळपट्टी आहे. विश्रामबागेत पुढची खोली रिकामी आहे, सकाळचं ऊन येतं. भावाच्या दारात राहायचं नाही हे तुझं ब्रीद मला माहीत आहे. म्हणून भाडं घेणार नाही, पण दूध, वीज, भाजी अर्धं अर्धं घेईन. दारावर पाटी दोघांच्या नावाची लावू. हिशेब केला तर वर्षाकाठी तुझे बरेच पैसे वाचतील.

हे एवढं लिहून मी मघाशी पत्र बंद करणार होतो. पण ते पुरतं खरं नाही. खर्चाचं निमित्त आहे गं. इथे सकाळी कुणीतरी विचारतं, झोप लागली का म्हणून. तुझी वहिनी गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं काढली, ती कशी काढली ते कुणाला सांगितलं नाही. आता पुन्हा एकट्याने तो दरवाजा उघडायची मला भीती वाटते. छातीची नाही, दरवाजाची.

माझ्यासाठी ये. येशील का?

आजवर तुला नुसतं सांगत आलेला आणि आज पहिल्यांदा विचारणारा,
तुझा दादा