निदेशक पाहिजे, सहकुटुंब

देऊळघाट,
बुधवार, सकाळी

तीर्थस्वरूप भाऊराव मामा यांना मधुवंतीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे बाबांची पाठ दुखते, आईला माझी काळजी वाटते आणि धाकटा कोणाशी बोलत नाही, पण हे नेहमीचंच असल्यामुळे मजेत धरायला हरकत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? गिरणीत उभं राहून दळण घेऊ नका, स्टूल घ्या, असं मी दिवाळीत सांगितलं होतं. तुम्ही स्टूल घेतलंत आणि त्यावर लोकांचे डबे ठेवता, असं मामींकडून कळलं. फोन न करता पत्र का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मामा, गिरणी चालू असताना तुम्ही फोन उचलता आणि ऐकू न आलेल्या प्रत्येक वाक्याला "हाव हाव" म्हणता. (मागच्या खेपेला मी आईला ताप आल्याचं सांगितलं, तर तुम्ही "हाव, लय चांगलं झालं" म्हणालात.) आजचा विषय असा आहे की त्यात एकही "हाव" समजल्याशिवाय पडून चालणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे की सहा महिन्यांपूर्वी मी बुलढाण्याच्या उगवती करिअर कॉलेजात कार्यालयीन सहायक म्हणून लागले. कॉलेज म्हणजे चार खोल्या, एक अंगण, आणि इमारतीपेक्षा मोठा बोर्ड. तिथे शिवणकाम आणि संगणक शिकवतात. यंदा मी हट्ट करून तिसरा वर्ग मागून घेतला, मोटार वाइंडिंगचा. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरायची ही विद्या शिकली की मुलं आपल्या गावात राहून पोट भरतील, असं मी संचालक लक्ष्मीकांत सरांना तीन पानी अर्जात पटवून दिलं. सरांना पटलं. मुलंमुली नाव नोंदवून मोकळी झाली. फक्त शिकवणारा निदेशक तेवढा राहिला. येत्या सोमवारी तपासणीला अधिकारी येणार आहेत. त्या दिवशी वर्गात निदेशक उभा दिसला नाही तर वर्ग रद्द, आणि माझ्या तीन पानी अर्जाचं जे व्हायचं ते होईल. नाव नोंदवलेल्या पोरांच्या घरी मी स्वतः जाऊन बोलले आहे, मामा. त्यांच्या आयांनी मला बसायला सतरंजी टाकली होती. आता कोणत्या तोंडाने त्या दारात जाऊ, हा विचार मला जेवताना येतो.

सरांनी मला सांगितलं, की चांगल्या निदेशकात कोणते गुण पाहावेत त्याची एक यादी कर. त्यांना अर्धं पान अपेक्षित होतं. मी एक्केचाळीस गुण काढले. (त्यातला तेविसावा "आकाशाएवढं मन" असा होता. सरांनी तो कसा मोजणार असं विचारून खोडला. मला अजून वाईट वाटतं.) शेवटी दहा उरले, प्रत्येकी दहा गुण. स्वतःच्या हाताने बाजारात काम केलेलं असावं, नुसतं पुस्तकातून नको. तेच तिसऱ्यांदा विचारलं तरी कपाळाला आठी पडू नये. फळ्यावरचं अक्षर मागच्या बाकावरून वाचता यावं. मुलांना पुढे काम लागावं म्हणून दुकानदारांशी ओळखी असाव्यात. आणि माझ्या मते सगळ्यात अवघड गुण म्हणजे, जे येत नाही ते येत नाही असं चारचौघांत म्हणता यावं. बाकीचे पाच तुम्हाला भेटीत सांगेन.

दिवाळीत तुम्ही रोहिणखेडच्या तुमच्या गिरणीशेजारी मोटारी भरायचं दुकान असलेल्या जावेदभाईंचं नाव सुचवलंत तेव्हा मी हातातला लाडू खाली ठेवून शिफारस या विषयावर बोलले होते. शिफारशीने देश कसा मागे पडतो, हेही बोलले होते. (नंतर मामींनी तो लाडू डब्यात परत टाकला, हे मी पाहिलं.) माझं मत आजही तेच आहे. जावेदभाईंनी आपल्या आपण अर्ज केला आणि मी तो इतरांसारखाच फाइलला लावला, हे नोंदवून ठेवते.

आता मुलाखतीची पत्रं लिहायची होती. आपल्या घरात असं पत्र यापूर्वी कोणाला आलेलं नाही, त्यामुळे नमुना नव्हता. मी पत्र्याची पेटी उपसली. त्यात विजेची बिलं, बाबांना आलेली एक नोटीस आणि तीस-चाळीस लग्नपत्रिका निघाल्या. बिलात आदर नव्हता, नोटिशीत तर अजिबात नव्हता. माणसाला मानाने बोलावणारा कागद म्हणजे लग्नपत्रिकाच. शिवाय मी असाही विचार केला, की माणसाचे खरे गुण घरच्यांना ठाऊक असतात, तर घरच्यांनाच का विचारू नये. म्हणून मी पत्रात लिहिलं, "आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून मुलाखतीस शोभा आणावी." सर फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलता पाचही पत्रांवर सह्या केल्या.

शनिवारी पाच उमेदवारांबरोबर चौतीस माणसं आली. एक कुटुंब तर भाड्याची जीप करून आलं. एका आजोबांनी सरांसाठी टॉवेल-टोपी आणली होती आणि ती देण्याची वेळ कोणती हे ते सारखे विचारत होते. आमच्या चहापाणी पाहणाऱ्या भिमाबाईंनी दोनदा चहा टाकला, मग मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "बाई, नवरदेव कोनता व्हय यातला?" मी म्हटलं, मुलाखत आहे. त्या म्हणाल्या, "थेच त म्हनतो मी. पोरगी कुठी हाय मंग?" तेवढ्यात सर मोटारसायकलवरून फाटकापर्यंत आले, गर्दी पाहून मोर्चा आला असं समजले आणि मागच्या बाजूने कुंपणावरून आत उतरले. त्यांची पँट मांडीवर फाटली. पुढच्या सगळ्या मुलाखती त्यांनी मांडीवर फाइल ठेवून घेतल्या.

पण मामा, खरं सांगते, कुटुंब बोलावण्याइतकी उत्तम पद्धत दुसरी नाही. पहिले उमेदवार सोहम सर. जाड फाइल, सतरा प्रमाणपत्रं (एक पोहण्याचं), इंग्रजी झरझर. आम्ही कॉलेजची जळालेली मोटार पुढे ठेवून म्हटलं, उघडून दाखवा. त्यांनी मोटारीकडे पाहिलं आणि त्यांचे वडील उठून पेचकस घेऊन पुढे आले. "द्या, मी उघडतो," ते म्हणाले, "घरी बल्ब बी मीच बदलतो. त्याले उजेडात वाचायची सवय हाय." दुसरे भागवत गुरुजी. ज्ञानाचा डोंगर. कोणत्या मोटारीला किती वेढे, सगळं तोंडपाठ. धीर किती आहे, असं मी विचारलं. "भरपूर," गुरुजी म्हणाले. मागून त्यांच्या सौभाग्यवती मंजुळाबाई म्हणाल्या, "सांगू का? पोराले पाढे शिकवता शिकवता दोन पट्ट्या तोडल्या यायनं." गुरुजी खवळून उठले. "खोटं हाय," ते म्हणाले, "एकच तोडली. दुसरी आधीच तडकेल होती." उरलेल्या दोघांपैकी एकाला घरच्यांनीच परत नेलं, आणि दुसऱ्याच्या घरचे चहा झाल्यावर त्याला विसरून जीपने निघून गेले, म्हणून तोही त्यांच्यामागे पळाला.

शेवटी जावेदभाई आले. सोबत त्यांची आई चांदबी चाची आणि बायको गुलनाजभाभी. जावेदभाई बोलायला किती गोड, हे तुम्हाला मी सांगायला नको. सर खूश झाले. नमुन्याचा पाठ म्हणून भिमाबाईंना विद्यार्थिनी केलं आणि कॉइल कशी भरायची ते शिकवा म्हटलं. जावेदभाई सुरेख बोलले. भिमाबाई पदर सावरून "समजलं" म्हणाल्या. (अधिकाऱ्यांना त्या नेहमी असंच म्हणतात.) मग सरांनी विचारलं, या मोटारीत वेढे किती पडतील? जावेदभाईंनी मान मागे वळवली. भाभींनी तोंडात ओढणीचं टोक धरून आकडा सांगितला. सर म्हणाले, मागून सांगायचं नाही. त्यावर चांदबी चाची म्हणाल्या, "साहेब, दुकानात बी असंच चालते. हा गिऱ्हाइकाशी बोलते अन् कॉइल माही सून भरते. दोघंबी आयटीआय हायेत, पन हा पास झाला अन् थे पह्यली आली." जावेदभाई हसून म्हणाले, "अम्मी, इथं काऊन काढते हे सारं?" आणि कॉलेजच्या विहिरीवरची मोटार आवाज करते ती जरा पाहतो म्हणून बाहेर गेले.

ते गेले आणि भिमाबाईंनी खरं ते कबूल केलं, "मले कायबी नाही समजलं." तेव्हा भाभी उठल्या. चहाचा रिकामा ग्लास घेतला, शिवणवर्गातून दोऱ्याचं रीळ आणलं, भिमाबाईंच्या हातात दिलं आणि दोरा ग्लासाभोवती गुंडाळायला लावला. "मोजत राह्यजा मावशी. मोजनी चुकली त लाजायचं नाही. उकलायचं अन् परत एकपासून." भिमाबाई तीनदा चुकल्या, तीनदा भाभींनी तितक्याच शांतपणे "परत" म्हटलं. चौथ्यांदा चाळीस वेढे बरोबर पडले. नंतर दोन वेढे एकमेकांना घासले तर मोटार का जळते, हे भिमाबाईंनी सरांना समजावून सांगितलं. सरांना पहिल्यांदा कळलं नाही. भिमाबाई म्हणाल्या, "लाजू नका साहेब. परत." शेवटी सरांनी सोलर पंपाच्या कंट्रोलरमधलं काहीतरी विचारलं. भाभी म्हणाल्या, "हे मले येत नाही. शिकून सांगीन." मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रकान्यात मी दहापैकी अकरा दिले, सरांनी ते दहा केले.

बेरीज झाली. सोहम सर बावीस, भागवत गुरुजी एक्कावन्न, जावेदभाई अठ्ठेचाळीस, गुलनाजभाभी शहाऐंशी. (तक्ता बरोबर आहे ना, हे पाहायला रविवारी मी तो स्वतःला लावला. एकतीस आले. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या.) सर म्हणाले, त्यांचा तर अर्जच नाही. भाभींनी चाचींकडे पाहिलं. चाची म्हणाल्या, "लिह्य." भाभींनी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला, अक्षर मागच्या बाकावरून वाचता येईल असं. अशा रीतीने कोणाच्याही शिफारशीशिवाय, केवळ गुणांवर, आमच्या कॉलेजला निदेशिका मिळाली. नेमणुकीचं पत्र परवा सोमवारी पोस्टाने निघालं. सगळं कसं सुरळीत पार पडलं आहे, एवढं कळवावं म्हणूनच हा पत्रप्रपंच. मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमची लाडकी भाची,
मधुवंती (बी. ए.)

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. निवड भाभींची झाली, हे जावेदभाईंना माहीत नाही. ते विहिरीवरून परत आले तेव्हा सरांनी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "अभिनंदन, निवड तुमच्याच घरात झाली," आणि जावेदभाईंनी ती स्वतःची समजली. भाभी काही बोलल्या नाहीत, कारण बसमध्ये ते फार आनंदात होते. आता चार दिवस झाले. त्यांनी केस कापले, दोन पँटी शिवायला टाकल्या आणि अर्धं रोहिणखेड त्यांना मास्तर म्हणू लागलं आहे, असं भाभींनी फोनवर सांगितलं. पत्र शुक्रवारी त्यांच्या दुकानात पोहोचेल आणि त्यावर सौ. गुलनाज असं नाव आहे. ते चिडले आणि भाभी येत्या सोमवारी तपासणीला आल्या नाहीत, तर वर्ग गेला. म्हणून हे पाकीट मी पोस्टाने न पाठवता रोहिणखेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. मामा, शुक्रवारच्या आत तुम्ही जावेदभाईंना सांगा. चाची म्हणाल्या, "आमच्यापैकी कोनी सांगतलं त भांडन व्हते. भाऊरावभाऊनं सांगतलं त मानते तो." थोडक्यात, तुम्ही जरा भाभींची शिफारस करा. या शब्दाविषयी दिवाळीत मी जे बोलले ते एकदम सरसकट बोलले होते, असं आता वाटतं.

ता. क. २. गिरणी बंद करून सांगा.

ता. क. ३. वर्गाला किमान वीस जण लागतात आणि काल एका पोराने नाव काढून घेतलं, म्हणून एकोणीसच उरले. प्रवेशाचा कोरा अर्ज सोबत जोडला आहे. नवऱ्याने बायकोच्या वर्गात शिकू नये असं नियमात कुठेही नाही, मी दोनदा वाचलं. जावेदभाईंचा राग उतरला आहे असं दिसलं तर अर्ज पुढे करा. सहीच्या जागी मी पेन्सिलीने फुली मारली आहे. वर्गात झालेल्या गोष्टीवरून घरी वाद घालणार नाही, अशी हमी मात्र वेगळ्या कागदावर लागेल. तिचा मसुदा गुलनाजभाभी स्वतः करताहेत, आणि तो तिसऱ्या पानावर गेला आहे.