बारक्याच्या लग्नाला माझी हरकत

चि. बारक्या यास,

ताईचा आशीर्वाद. इकडे मी ठीक, गुडघा होता तसाच, पंख्याची घरघर थांबली. तू बरा असशील असं मी धरून चालते, कारण आजारी पडलास की तू लगेच फोन करतोस आणि गेले तीन आठवडे तुझा फोन नाही. मी केला की म्हणतोस, ताई, लिफ्टच्या खड्ड्यात आहे, आवाज येत नाही, नंतर बोलू. लिफ्टी बसवायला परगावी गेलेला बावन्न वर्षांचा माणूस इतका वेळ खड्ड्यात काय करतो ते मला आता कळलंय. म्हणून लिहायला बसले. पाचवीपर्यंतच्या शिक्षणात जेवढं बसतं तेवढं लिहिते, चुका काढू नकोस. तुमच्या कंपनीच्या सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर हे उद्या तुला आणून देईल. त्याच्यासमोर उघडू नकोस, तो मान लांब करून वाचतो.

आधीच सांगते, मी रागावलेली नाही. मला रागवायला वेळ नाही. शाळा सुरू व्हायच्या आत सत्तर पोरांच्या पँटींची शिवण सोडून त्या लांब करायच्या आहेत (पोरं वाढतात आणि पँटी वाढत नाहीत, यात माझी चूक काय ते आया सांगत नाहीत, पण बोलतात मलाच). तेव्हा मुद्द्याचं लिहिते. मी तुझ्या लग्नाला हरकत घेतली आहे. लेखी. शिक्क्यासकट. हे वाचून उडी मारू नकोस, खड्ड्याच्या काठावर असशील तर मुळीच नको. झालं ते असं.

सोमवारी समोरच्या लग्न-नोंदणीच्या कचेरीत गेले होते. कामाला. तिथल्या कारकुनाच्या पँटीची चेन बदलून दिली होती आणि तो गडी टेबल सोडून न्यायला येईना (येणार कसा, दुसरी पँट घरी वाळत होती आणि अंगावर होती तिची शिवण उसवलेली). म्हणून मीच रस्ता ओलांडून गेले. तर तो म्हणाला, बसा मावशी, सही करून येतो. मी कुठे बसते? उभी राहिले. समोर तो काचेचा फळा. लग्न करणाऱ्यांचे फोटो नि कागद महिनाभर लावून ठेवतात, कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा म्हणून. चोवीस वर्षं त्या कचेरीसमोर दुकानात मशीन चालवतेय, एकदाही तो फळा वाचला नव्हता. लोकांच्या लग्नाशी आपल्याला काय करायचंय. त्या दिवशी नजर गेली ती एका शर्टावर. निळ्या रेघांचा शर्ट, कॉलर उलटवून लावलेली, डावीकडचं टोक एक दोरा वर. मी म्हटलं, हे काम माझं. मग वर बघितलं तर चेहरा तुझा.

शेजारी एका बाईचा फोटो. चष्मा, केस मागे बांधलेले, चेहरा समजूतदार. खाली तारीख, बावीस दिवसांपूर्वीची. म्हणजे बावीस दिवस तू माझ्या दुकानापासून वीस पावलांवर टांगलेला होतास. चहावाल्याला माहीत होतं. झेरॉक्सवाल्याला माहीत होतं, कारण झेरॉक्स त्यानेच काढली. कारकून बाहेर येऊन म्हणतो, मावशी, अभिनंदन करायचं राहूनच गेलं! मी त्याची पँट त्याच्या हातात दिली आणि विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, नोटीस. म्हटलं, ते दिसतंय, मला विचारायचंय की हे काय आहे. तो म्हणाला, विचारायचा फॉर्म नसतो. या खिडकीवर दोनच फॉर्म, एक नोटिशीचा आणि एक हरकतीचा.

म्हटलं, दे दुसरा.

आता त्या फॉर्मवर हरकतीची चारच कारणं छापलीत. पाचवं लिहायला जागा नाही, नाहीतर मी नीट लिहिलं असतं की मोठ्या बहिणीला सांगितलेलं नाही. पहिलं कारण, आधीचं लग्न झालेलं आहे. खोटं. दुसरं, वय कमी आहे. ते वाचून कारकूनच हसला. तिसरं, दोघं जवळच्या नात्यातली आहेत. मला ती बाईच माहीत नाही, नातं कुठून माहीत असणार. चौथं, डोकं ठिकाणावर नाही. त्यातल्या त्यात खरं तेच होतं, म्हणून त्यावर खूण केली. सही केली आणि दुकानात येऊन तीन पँटी उसवल्या. (दोन उसवायच्या होत्या. तिसऱ्या माणसाची क्षमा मागितली.)

मला वाटलं, कागद आहे, कागदासारखा पडून राहील. तू येशील, बघशील, ओशाळशील, संपलं. पण त्या कचेरीत अकरा वर्षांत एकही हरकत आलेली नव्हती. जन्माच्या दाखल्याला दोन महिने लावणारी माणसं, माझा कागद त्यांनी दुपारच्या आत वरच्या साहेबाकडे नेला. हरकतीचा शिक्का वाळून गेला होता, तर त्यावर पाणी शिंपडून ओला केला म्हणे. लगेच मंगळवारी सकाळी अकराला चौकशी.

गेले. साहेब तरुण आहे, कॉलरला घामाचे डाग, पण बोलायला सभ्य. म्हणाला, बाई, पुरावा सांगा. मी सांगितला. एक, लिफ्टी बसवणारा माणूस, पण स्वतः कुठेही जिन्याने जातो. दोन, डोळ्याला काही झालेलं नसताना वर्षात तीन चष्मे केले (मी वेडी, तुझी नजर गेली म्हणून रोज गाजर किसत होते). तीन, मोज्यांना इस्त्री करतो. चार, आणि हे सगळ्यात मोठं, बँकेच्या इमारतीच्या वॉचमननं मला स्वतः सांगितलंय की हा बंद लिफ्टच्या दारासमोर उभा राहून लिफ्टला ताई म्हणतो. ताई, रागावू नकोस, असं म्हणतो. मग थांबतो, मान हलवतो, पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.

कारकून लिहून घेत होता, त्याने पेन खाली ठेवलं. साहेब म्हणाला, दुसऱ्या बाजूचं ऐकायला हवं, त्या बाईंना निरोप गेलाय, बाहेर बसा.

बाहेरच्या बाकावर बसले. दहा मिनिटांनी एक बाई धापा टाकत आली. चष्म्याच्या दुकानाचा पांढरा कोट अंगावर, घाईत खिशात नंबर तपासायच्या भिंगांची चौकट तशीच राहिलेली. माझ्या शेजारी बसली आणि मला म्हणते, बघा ना, तेवीस दिवस काही नाही आणि आता कोणीतरी हरकत घेतली. म्हणे ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. इतक्या साध्या माणसावर कोण असा राग धरून असेल हो?

मी म्हटलं, लोकांना उद्योग नसतात.

ती म्हणाली, नाहीतर काय! आता ह्यांच्या ताईंना कळलं तर किती वाईट वाटेल. त्यांना अजून सांगितलेलंच नाही. ह्यांना सांगायचंय, पण जमत नाही. पाच महिने तालीम करतायत. काम करताकरता लिफ्टच्या दाराला ताई समजून बोलून बघतात. दोन वाक्यांच्या पुढे जातच नाहीत. म्हणतात, ताई फार कडक आहे.

मी गुडघा चोळत बसले. तेवढ्यात कारकून दारात येऊन ओरडला, हरकतदार मावशी, आत या!

मी उठले. ती हळूच म्हणाली, तुम्ही ताई? म्हटलं, हो. ती म्हणाली, कडक आहात खऱ्या. आणि मेली हसायला लागली! मला अशी माणसं आवडत नाहीत, जी भांडायच्या वेळी हसतात. आपली तयारी वाया जाते.

आत गेल्यावर मी सरळ सांगितलं, मला सगळं समजलं, हरकत मागे, माझ्या सत्तर पँटी पडल्यात. तर साहेब म्हणाला, इतकं सोपं नाही. दुसऱ्या कुठल्या कारणावर खूण असती तर कागद फाडला असता. पण माणसाच्या डोक्याबद्दल लेखी आलंय, आता तुम्ही नाही म्हणालात तरी कचेरीनं डोळे मिटून लग्न लावायचं कसं? एक कागद लागेल. (तो कुठला ते खाली लिहिते, आत्ता त्यात शिरत नाही.) मग कारकुनानं माझी हरकत लावायला तुमची फाईल उघडली. साक्षीदारांचं पान वर आलं. तीन साक्षीदार. पहिल्या ओळीत माझं नाव. तुझ्याच अक्षरात, ते तिरकं, तू शाळेत असताना मी फूटपट्टी मारूनही सरळ न झालेलं. पुढे कंसात, वराची मोठी बहीण. सहीची जागा मोकळी.

कारकून म्हणाला, हरकतदाराला त्याच फाईलीत साक्षीदार होता येत नाही हं मावशी. आणि पेन्सिलीने माझ्या नावापुढे फुली मारली. पेन्सिलीने मारली एवढं बरं.

तर आता परिस्थिती अशी. लग्नाची तारीख येत्या गुरुवारची, दुपारी बाराची. त्याच्या आत हरकत निघाली तर लग्न लागेल आणि ती फुली खोडून मला सही करता येईल. नाही निघाली तर साहेब शुक्रवारपासून दोन महिने प्रशिक्षणाला चाललाय. तोवर तुमची कंपनी तुला कुठल्या गावच्या खड्ड्यात उतरवेल देव जाणे. मला समारंभाचं काही नाही, तुला माहीत आहे. लग्न म्हणजे सही, पाच मिनिटांचं काम. पण ती सही माझी आहे. तिथे झेरॉक्सवाल्याला उभं केलेलं मला चालणार नाही.

चौकशी झाल्यापासून तुझी चष्मेवाली रोज संध्याकाळी दुकान बंद करून इकडे येते. बुधवारी माझे डोळे तपासले, म्हणाली, तुम्ही चार वर्षं चुकीच्या नंबराने सुईत दोरा ओवताय. म्हटलं, ओवला जातोय ना? म्हणाली, दिसलं आत्ता, सातव्यांदा गेला. गुरुवारी पँटींची शिवण उसवायला बसली. हात बरा आहे, दोरा ओढत नाही, कापते. काल आपल्या दोन खोल्या बघून गेली. मी आधीच सांगून टाकलं, माझी मशीन खिडकीतून हलणार नाही. ती म्हणाली, मशीन कशाला हलवायची, ह्यांचं कपाट हलवू, त्यात नुसती लिफ्टची जुनी बटणं भरलीत. चौतीस वर्षं ते मी तुला सांगतेय. तिनं एका संध्याकाळी ओळखलं. आतली खोली तुम्हा दोघांची, बाहेरची माझी, आणि सकाळी न्हाणीघर आधी माझं, हे ठरलं. तुझं मत विचारलं नाही, कारण तू खड्ड्यात होतास.

ही बाई तू स्वतः निवडलीस यावर माझा अजून विश्वास बसत नाही. चष्मा नवीन होता म्हणून नीट दिसलं असेल.

बाकी ठीक. गुरुवारी यायचं तर बुधवारीच नीघ, गाडी चुकवू नकोस. आणि ते पाच महिने तालीम केलेलं वाक्य आता मला म्हणून दाखवायची गरज नाही, मला रडकी तोंडं बघवत नाहीत. लिफ्टला सांगून झालंय तेवढं पुरे.

तुझी,
ताई

ता. क. तो कागद म्हणजे डॉक्टरचा दाखला. तुझं डोकं ठिकाणावर आहे असा. तो तुलाच स्वतः जाऊन, तपासून घेऊन आणायचा आहे, सही-शिक्क्यासकट, गुरुवारी बाराच्या आत. खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहिलं. मंगळवारीच डॉक्टरकडे जा. ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊ नकोस, तो तुझ्याशी गप्पा मारत बसेल. दवाखाना चौथ्या मजल्यावर असला तरी लिफ्टनं जा. जिन्यानं धापा टाकत गेलास नि त्याने धंदा विचारला तर अवघड होईल. मोजे इस्त्रीचे घालू नकोस.

ता. क. दुसरा. हे पत्र तुझ्या चष्मेवालीनं वाचलं. म्हणाली, ताई, एवढं लांब कशाला, दाखला आण असं एका ओळीत लिहायचं. मी म्हटलं, मला पाल्हाळ आवडतच नाही, पण ह्याला सगळं नीट समजावून सांगावं लागतं.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा. ती सांगते की असा दाखला देताना डॉक्टर हमखास विचारतात, घरात आणखी कोणाला डोक्याचा त्रास आहे का. नाही म्हण. विचार करत थांबू नकोस.