रविवारचं इंजेक्शन आणि आण्णांची गाठ

२ नोव्हें., रविवार
वजन उतरवायचं इं. घेतलं. या वेळी डावी मांडी. गेल्या रविवारी पोटावर होतं. जागा बदलत राहा म्हणाल्यात डॉ. बाई. वर्गात पोरांना धीट व्हा म्हणून सांगणारी मी डोळे मिटून बसले. जेवायला अर्धीच भाकरी, पुढचा घास नकोच वाटला. ही भूक जाते कुठं? औषध पोटाला सांगतं की डोक्याला? विचारायचं.

५ नोव्हें., बुधवार
शाळेत बातमी फुटली. चित्रकलेच्या बाई कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या इंजेक्शनच्या पेनातलं एक मला टोचा की. सुई नवी लावू." लग्नाला साडी मागावी तसं! डॉ.ना फोन. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, रक्तातून आजार जातात. आणि तपासल्याशिवाय कुणीच घ्यायचं नाही. बाईंना सांगितलं, फुगून बसल्या. संध्याकाळी मळमळ. स्टाफरूममधली भजी नडली, दुसरं काय.

८ नोव्हें., शनिवार
लाइट गेली. फ्रिजमधल्या पेनाची काळजी. हे म्हणाले, "बर्फाच्या कप्प्यात ठेव, गार ऱ्हाईल." चालतं का बघायला खोक्यातला कागद उघडला. गोठलं तर वापरू नये. मग चष्मा लावून सगळंच वाचत बसले, मजा येत होती. एका ओळीवर अडकले. रक्ताच्या नात्यात थायरॉईडचा एक विशिष्ट कॅन्सर असेल तर हे घेऊ नये.

डॉ.नी हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ह्यांचं उत्तर: "न्हाई न्हाई, आमच्याकडं कुणालाच न्हाई." स्वतःच्या सात पिढ्यांची ग्वाही! मीही मान डोलावली. उमरीला मला एक माहेर आहे, हे तेव्हा माझ्यासुद्धा ध्यानात आलं नाही.

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मी कॉलेजात असताना. घरात सगळे गलगंड म्हणायचे.

९ नोव्हें., रविवार
इं. घेतलं नाही. आईला उमरीला फोन. आण्णांची गाठ कसली होती?
"आता कशाला उकरून राहिलीस?"
मग हळूहळू: "क्यान्सर व्हता. हैद्राबादच्या डाक्टरनं सांगितलं. तुला बघायला पाव्हणे येणार व्हते. असल्या घरची पोर कोण करंल? तुझे आण्णाच म्हणले, गलगंड म्हणायचं."
कुठला प्रकार, तिला माहीत नाही. कागद तेव्हाच चुलीत घातले.
आधी राग आला, मग रडू. ऑपरेशनची खूण दिसू नये म्हणून आण्णा भर उन्हाळ्यात गळ्याला उपरणं गुंडाळायचे, आणि मी त्यांना हसायची.

११ नोव्हें., मंगळवार
डॉ.कडे एकटीच गेले. रागावल्या नाहीत. थायरॉईडचे सगळे कॅन्सर तसले नसतात, एखादा प्रकार पिढीत उतरू शकतो. आपल्याला नक्की कळेपर्यंत इं. बंद. रक्त दिलं, गळ्याची सोनोग्राफी केली. आधी घेतलेल्याचं काय, विचारलं. लगेच घाबरायचं कारण नाही, पण गळ्याला गाठ लागली, आवाज बसला, गिळायला त्रास झाला तर लगेच यायचं. "मुलीलाही सांगून ठेवा."
ऑटोत घरापर्यंत गळा चाचपत होते. ऑटोवाला आरशातून बघत होता.

१४ नोव्हें., शुक्र.
भूक परत आली, बोलावल्यासारखी. गंजगोलाईच्या बाजारात जिलेबी खाल्ली. पश्चात्ताप निम्माच. एवढं छान चाललं होतं, गुडघे दुखायचे थांबले होते. सोडावं लागलं तर फार वाईट वाटेल, हे लिहूनच टाकते.

१६ नोव्हें., रविवार
रिपोर्ट अजून नाहीत. हे म्हणाले, "पूजाला इतक्यात काही सांगू नको. उदगीरचं स्थळ येऊन राहिलंय. आधी जमू दे." चांगल्या मनानंच म्हणाले. आण्णांचंही मन चांगलंच होतं.
दुपारी हे झोपल्यावर पूजाला नांदेडला फोन लावला. आजोबांचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडेल.
तर म्हणाली, "आई, उदगीरच्या लोकांना हे तू सांगणार का मी?"